मानेला तेल लावण्यापूर्वी

साठी ओलांडलेल्या व्यक्तीच्या मानेचा एक्स-रे काढला की अहवालावर बहुधा ‘सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस’ हे दोन शब्द असतात. ते वाचून काही घरांत धसका घेतला जातो, तर काही घरांत ‘वय झाले, आता तेल लावायचे आणि शेकायचे’ असे म्हणून विषय संपवला जातो. या दोन्ही प्रतिक्रिया पुरेशा विचाराच्या नाहीत. आयुर्वेदातील तेल, शेक आणि औषधे यांना मानेच्या झिजेत निश्चित स्थान आहे. मात्र कोणत्या मानेला ते उपचार चालतात आणि कोणत्या मानेबाबत त्यांत वेळ दवडणे घातक ठरते, हे आधी ठरले पाहिजे. ते ठरवण्यात घरातील माणसांचा वाटा फार मोठा आहे. म्हणूनच हा लेख.

झीज म्हणजे काय?

मानेत 7 मणके असतात आणि त्यांवर साधारण 4.5 ते 5 किलो वजनाचे डोके दिवसभर तोललेले असते. दुसऱ्या मणक्यापासून खाली प्रत्येक दोन मणक्यांमध्ये एक लवचीक गादी असते. तारुण्यात ती पाण्याने भरलेली असते. वयाबरोबर तिच्यातील पाणी कमी होते, तिची उंची घटते आणि मणक्यांच्या कडांना हाडाचे टोकदार उंचवटे येऊ लागतात. पाचवा-सहावा आणि सहावा-सातवा या मणक्यांच्या जोड्यांमध्ये हा बदल सर्वांत अधिक आढळतो.

केस पांढरे व्हावेत तसाच हा वयाचा बदल आहे. साठीनंतर बहुतेकांच्या एक्स-रेमध्ये तो दिसतो आणि त्यांपैकी अनेकांची मान कधीच दुखत नाही. त्यामुळे एक्स-रेपेक्षा रुग्णाला काय होते, हे अधिक महत्त्वाचे. त्या दृष्टीने तीन अवस्था ध्यानात ठेवाव्यात. पहिलीत मान आणि खांदे दुखतात, आखडतात, एवढेच. दुसरीत हाताकडे जाणारी एखादी नस दाबली जाते आणि एका हातात कळ, मुंग्या किंवा बधिरपणा येतो. तिसरीत मणक्यांच्या नळीतून जाणाऱ्या मज्जारज्जूवरच दाब येतो. ही तिसरी अवस्था सर्वांत गंभीर, आणि तिच्यात मान कित्येकदा फारशी दुखतही नाही.

आयुर्वेदाची दृष्टी

आयुर्वेदात वार्धक्य हा वाताचा काळ मानला आहे. रुक्षता, झीज, वेदना, ताठरपणा ही वाताची लक्षणे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील 28व्या अध्यायात वातव्याधींचा विचार आहे. त्यात सांध्यात शिरलेल्या वाताचे वर्णन करताना सुजलेल्या सांध्याच्या स्पर्शाला वाऱ्याने भरलेल्या चामडी पिशवीची उपमा दिली आहे. सुश्रुतसंहितेत मान जखडण्याच्या विकाराला ‘मन्यास्तंभ’ म्हटले असून दिवसा झोपणे, बसण्या-उभे राहण्याच्या चुकीच्या पद्धती आणि मान वर करून पाहणे ही त्याची कारणे सांगितली आहेत. दुपारी आरामखुर्चीत मान एका बाजूला टाकून लागणारी डुलकी, किंवा उंचावर बसवलेल्या टीव्हीकडे मान वर करून पाहत राहणे, ही आजची उदाहरणे त्यात सहज बसतात.

येथे एक बारकावा आहे. मन्यास्तंभात वाताला कफाचे आवरण असते असे सुश्रुताचे मत असून तेथे विशेषतः रुक्ष, म्हणजे कोरडा, शेक आणि नस्य सांगितले आहे. म्हणजे ‘मान दुखते, तेल लावा’ हा सरसकट नियम खुद्द आयुर्वेदातही नाही. अवस्था पाहून उपचार बदलतात, आणि ती अवस्था ओळखणे हे वैद्याचे काम आहे.

आधी हात-पाय पाहा

दवाखान्यात मला नेहमी आढळते, की मानेच्या तक्रारीसाठी आलेल्या ज्येष्ठांचे नातेवाईक मानेविषयी सविस्तर सांगतात. पण बोटांविषयी आणि चालण्याविषयी विचारले की थांबतात, मग आठवून सांगू लागतात. आजींना हल्ली वाती वळता येत नाहीत. आजोबांना सदऱ्याची गुंडी लावायला वेळ लागतो. पेन्शनच्या कागदावरची सही जुळत नाही. तांदूळ निवडताना खडे बोटांतून निसटतात. चालताना पाय जड वाटतात, अंधारात तोल जातो, चप्पल पायातून सुटल्याचे कळत नाही. हे सारे ‘वयामुळे’ म्हणून सोडून दिलेले असते. मज्जारज्जूवरील दाबाची ही सुरुवातीची चिन्हे असू शकतात. दाब दीर्घकाळ राहिला तर गेलेली शक्ती शस्त्रक्रियेनंतरही पूर्णपणे परत येईलच असे नाही. म्हणूनच येथे वेळ मोलाचा.

घरी एक साधी चाचणी करता येते. दोन्ही हात पुढे करून मुठी शक्य तितक्या वेगाने उघडायला-मिटायला सांगावे. निरोगी प्रौढ व्यक्ती 10 सेकंदांत साधारण 20 वेळा हे करू शकते. वेग बराच कमी असेल, किंवा बोटे पूर्ण उघडत नसतील, तर डॉक्टरांना दाखवावे. बोटांच्या संधिवातानेही असे होते. म्हणून निदान घरीच करू नये.

पुढीलपैकी काहीही आढळल्यास कोणताही मसाज किंवा पंचकर्म सुरू करण्यापूर्वी तपासणी व्हायलाच हवी :

• हातांची पकड सैल होणे, बोटांची बारीक कामे न जमणे.
• चालण्यात अडखळणे, पाय ताठ वाटणे, वारंवार तोल जाणे.
• मान खाली वाकवताच पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटणे.
• लघवी अडणे किंवा तिच्यावरील ताबा सुटणे.
• पडल्यानंतर सुरू झालेली मानदुखी, विशेषतः हाडे ठिसूळ असतील तर.
• ताप, वजनात घट, पूर्वी झालेला कर्करोग, किंवा रात्री झोपूनही न थांबणारी वेदना.
• अनेक वर्षांचा आमवात. त्यात मानेचे वरचे दोन मणके अस्थिर झालेले असू शकतात.

डावा हात किंवा जबडा दुखत असताना घाम, दम किंवा छातीवर दडपण असेल, तर ती मान समजून शेकत बसू नये. हृदयाची शक्यता धरून तत्काळ रुग्णालय गाठावे. चेहरा वाकडा होणे किंवा बोलणे अडखळणे यालाही तोच नियम. चक्कर मात्र प्रत्येक वेळी मानेमुळे येत नाही. अंथरुणात कूस बदलताना येणारी चक्कर बहुधा कानातील तोलयंत्रणेची असते, तर उठून उभे राहताना येणारी चक्कर रक्तदाब उतरल्याची असू शकते.

तेल, शेक आणि ग्रीवाबस्ती

वरील चिन्हे नसतील, तर बाह्य उपचार करून पाहायला हरकत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी ज्येष्ठांच्या जठराला आणि मूत्रपिंडांना होणारा त्रास लक्षात घेता, या उपचारांनी गोळ्या कमी झाल्या तर मला डॉक्टर म्हणून आनंदच आहे.

घरी महानारायण तेल किंवा साधे तिळाचे तेल कोमट करून मान, खांदे आणि पाठीचा वरचा भाग यांना 10 मिनिटे हलक्या हाताने लावावे. मणक्यांवर जोर देऊ नये; दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर हात फिरवावा. त्यानंतर निर्गुंडीची पाने परतून बांधलेल्या पुरचुंडीने किंवा टॉवेलात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या पिशवीने 10 ते 15 मिनिटे शेकावे. शेकाची उष्णता काळजी घेणाऱ्याने आधी आपल्या मनगटावर पाहावी. मधुमेहामुळे संवेदना मंदावलेल्या व्यक्तीला भाजल्याचे कळत नाही, आणि वृद्धांची पातळ त्वचा लवकर पोळते. तेल लावल्यावर तळपायाला किंवा फरशीवर थेंब राहू देऊ नये. मान बरी करताना मांडीचे हाड मोडावे, असे घडू नये.

ग्रीवाबस्तीत मानेच्या मागील बाजूस उडदाच्या भिजवलेल्या पिठाचे आळे करून त्यात कोमट औषधी तेल सुमारे अर्धा तास ठेवले जाते. तेल निवले की बदलतात. उष्णतेने स्नायू सैलावतात आणि ताठरपणा कमी होतो. हा उपचार प्रशिक्षित वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यावा. बराच वेळ पालथे झोपणे दमेकरी आणि हृदयरोगी व्यक्तींना झेपत नाही. त्याची कल्पना आधी द्यावी.

नस्य, म्हणजे नाकात औषधी तेलाचे थेंब घालणे, हेही वैद्याच्या सल्ल्यानेच. अर्धांगवायू किंवा कंपवातामुळे गिळताना ठसका लागणाऱ्या व्यक्तीने ते टाळावे. तेल श्वासमार्गात उतरले तर फुप्फुसाला सूज येऊ शकते. संपूर्ण अंगाला वाफ घेण्यापूर्वी रक्तदाबाच्या, विशेषतः लघवी वाढवणाऱ्या, गोळ्या चालू असल्याचे वैद्यांना सांगावे.

एका गोष्टीला मात्र ठाम नकार द्यावा. केस कापल्यावर सलूनमध्ये, किंवा कोणाच्याही हातून, झटका देऊन मान ‘मोडून’ घेऊ नये. त्या झटक्याने मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीचे आतील अस्तर फाटून पक्षाघात होऊ शकतो.

पोटात घ्यायची औषधे

मी ॲलोपॅथीचा डॉक्टर आहे. आयुर्वेदिक औषधे लिहून देणे हे माझे क्षेत्र नव्हे. परंतु दोन्हीकडची औषधे एकाच पोटात जातात, म्हणून काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

मानेच्या दुखण्यात त्रयोदशांग गुग्गुळ आणि योगराज गुग्गुळ वारंवार दिले जातात. गुग्गुळामुळे डिल्टियाझेम आणि प्रोप्रानोलोल या हृदयाच्या औषधांचे शोषण घटू शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर गुग्गुळ सुरू करण्यापूर्वी दोन्ही डॉक्टरांना विचारावे. महायोगराज गुग्गुळात नाग, म्हणजे शिसे, तसेच पारद यांपासून केलेले घटक असतात. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी ते मनाने कदापि घेऊ नये. दशमूलारिष्टासारख्या आसव-अरिष्टांत गूळ आणि आंबवण्यातून निर्माण झालेले मद्यार्क असते, याचे भान मधुमेहींनी ठेवावे. ज्येष्ठमध दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढतो आणि शरीरातील पोटॅशियम घटते.

खरेदी करताना डबीवर उत्पादकाचे नाव, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत पाहावी. नाव नसलेल्या पुडीतील ‘जडीबुटी’ने एका दिवसात दुखणे पळाले, तर आनंदित होण्याऐवजी सावध व्हावे. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे प्रकार आढळतात. चेहरा सुजणे, साखर अचानक वाढणे ही त्याची खूण. मात्र अशी पुडी अनेक आठवडे घेतली असेल, तर ती एकदम बंद करू नये. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जावे.

रोजची मान

कोणत्याही उपचाराने झिजलेली गादी पुन्हा भरून येत नाही, वाढलेले हाड विरघळत नाही. तसे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे. वेदना, ताठरपणा आणि झोप यांत मात्र चांगला फरक पडू शकतो, आणि तो टिकवतात त्या रोजच्या सवयी.

उशी पूर्णपणे सोडू नये. कुशीवर झोपल्यावर खांदा आणि कान यांमधील अंतर भरून निघेल एवढी तिची उंची असावी. टीव्ही डोळ्यांच्या पातळीवर असावा. पोथी किंवा वर्तमानपत्र मांडीवर न ठेवता उताराच्या चौरंगावर ठेवून वाचावे. कपाळावर तळवा ठेवून डोक्याने पुढे आणि तळव्याने मागे हलका जोर द्यावा. मान हलू न देता 5 सेकंद थांबावे, श्वास रोखू नये. हेच डोक्याच्या मागे आणि दोन्ही कानशिलांवर करावे. प्रत्येक बाजूला 5 ते 10 वेळा, दिवसातून दोनदा. हातात कळ आली तर थांबावे. मान गोल फिरवणे, शीर्षासन, सर्वांगासन आणि हलासन टाळावे. गळपट्टा फार तर काही दिवस वापरावा. महिनोन्‌महिने घातल्यास मानेचे स्नायू दुबळे होतात.

उपचारांना साधारण 3 आठवडे द्यावेत. उपयोग मोजण्यासाठी नवा एक्स-रे नको. मान वळवून मागून हाक मारणाऱ्याकडे पाहता येते का, रात्री झोप लागते का, वेदनेची गोळी किती दिवस लागली, हे एका वहीत लिहावे. त्याच वहीत चालू असलेल्या सर्व औषधांची यादी असावी, आणि तीच वही वैद्यांना व डॉक्टरांना दाखवावी. महिन्यातून एकदा गुंडी लावण्याची आणि मुठीची नोंदही तीत करावी. फरक पडत नसेल, किंवा बोटे मंदावत असतील, तर पुढच्या तेलाची बाटली आणण्याआधी तपासणीची वेळ घ्यावी.