गाडीतला आवाज येतो कुठून?

मंडळी, आपलं मिरजगाव नगर-सोलापूर रस्त्यावरचं गाव. गाड्यांच्या चाकांचा आवाज कसा असतो, हे इथं कुणाला समजावून सांगायला नको. आजचा प्रश्न मात्र गाडीत बसलेल्याचा आहे: त्याला हा आवाज कमी कसा करता येईल? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांनी यात का पडावं, असं कुणी विचारेल. कार्य दिसलं की कारण शोधायचं, ही आमची जुनी खोड, एवढंच.

शब्द कानापर्यंत कसा पोचतो, यासाठी आपल्या नैयायिकांनी वीचीतरंगाचा दृष्टांत दिला. तळ्यात खडा पडला की एका लाटेतून दुसरी उठते, तसा. शब्द हा त्यांच्या मते आकाशाचा गुण. आजचं विज्ञान म्हणतं, आवाजाला माध्यम लागतं. मग ते हवा असो की पोलाद. हवेत तो सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, पोलादात सुमारे ५,००० मीटर. ही दुसरी वाट विसरली की पैसे वाया जातात.

टायर खडबडीत डांबरावर आपटतं. त्यातला घुमणारा, खर्जातला आवाज सस्पेन्शनमधून पत्र्यात शिरतो आणि अख्खा पत्रा वाजवतो. वरच्या पट्टीतला सूंऽऽ असा आवाज हवेतून, फटींतून आत येतो. दोन वाटा, म्हणून दोन उपाय. पुष्कळ जण दारात नुसता फोम कोंबतात. पातळ फोम वरच्या पट्टीतला आवाज थोडा शोषतो, पण घुमणाऱ्या आवाजाला तो जुमानत नाही.

मग करायचं काय? आधी फुकटातलं. टायरमधली हवा कंपनीने सांगितली तेवढीच आहे ना, टायर वेडंवाकडं झिजलंय का, ते बघा. मग दाराच्या फटीत कागदाची पट्टी धरून दार लावा. पट्टी सहज ओढून निघाली, तर तिथलं रबर दबलंय. ते बदलणं हे बहुधा सगळ्यात स्वस्त काम.

मग पत्रा. स्वयंपाकघरात ताट पडलं की वाजत राहतं. बोट टेकवलं की गप्प होतं. ब्यूटाइल रबराची, वर ॲल्युमिनियमची पन्नी असलेली शीट पत्र्याला तेच करते. पत्रा स्वच्छ पुसून ती चिकटवायची आणि रोलरने घट्ट दाबायची. सगळा पत्रा मढवायची गरज नसते. मधला, जास्त थरथरणारा भाग पुरतो. डांबराची स्वस्त शीट घेऊ नका. आपल्या उन्हाळ्यात ती मऊ पडते, वास मारते. चाकांवरच्या कमानी आणि फरशी आधी, छत शेवटी. फरशीवर कार्पेटखाली फेल्ट आणि जड रबरी थर टाकला, तर हवेतून येणारा आवाजही अडतो.

एक सांभाळा. दाराच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती बुजवू नका. पाणी साचून दार आतून गंजेल. सीटखालच्या वायरींनाही धक्का नको, काही एअरबॅगच्या असतात.

आता अपेक्षा किती ठेवायची? आवाज निम्मा वाटायला सुमारे १० डेसिबल कमी व्हावे लागतात. घरच्या घरी केलेल्या कामातून दोन-चार मिळाले तरी पुष्कळ. आणि टायरचा आवाज वेगाबरोबर वाढतो: ८० वरून ६० वर आलात, तर तो चार-पाच डेसिबलने उतरतो. म्हणजे शीट लावून जेवढं मिळतं, जवळजवळ तेवढंच, एक पैसा न घालता.

इथं खरा प्रश्न येतो. नव्या गाडीच्या आवाजाची सरकारी चाचणी होते, तेव्हा मायक्रोफोन गाडीच्या वाटेपासून ७.५ मीटरवर, बाहेर ठेवतात. तिथं कोण उभं असतं? रस्त्याकडेला राहणारा माणूस. आपण लावलेली शीट त्याच्यासाठी काहीच करत नाही. उलट गाडी आतून शांत झाली की वेग कमी वाटतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. ८० ला ६० समजून माणूस गावात शिरतो, आणि समोर शाळेतून सुटलेली पोरं असतात.

म्हणून आमचं सांगणं असं: गाडी शांत करा, जरूर करा. दूरच्या प्रवासात शिणवटा कमी होतो. पण त्यानंतर वेग कानाने मोजू नका, काट्यावर बघा. आणि गावाची वेस आली की पाय जरा उचला. त्याने आतलाही आवाज उतरतो, बाहेरचाही.