डोंगर पोखरून काय निघाले?

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेवर ‘डेथ व्हॅली’ नावाचे वाळवंट आहे. नावाप्रमाणेच ते उग्र! १० जुलै १९१३ रोजी तेथे ५६.७ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. वर्षाकाठी पाऊस जेमतेम दोन इंच. या वाळवंटाच्या कडेला ग्रेपव्हाइन नावाची उघडीबोडकी डोंगररांग आहे. तिच्यातील टायटस कॅनियन या घळीच्या वाटेवर गंजलेल्या पत्र्याची चार-दोन खोपटी आणि अंधाऱ्या बोगद्यांची तोंडे दिसतात. हेच लेडफिल्ड, म्हणजे शिशाचे रान.

येथे शिसे नव्हतेच, असे मात्र नाही. १९०५ च्या सुमारास खनिजाच्या शोधात भटकणाऱ्यांना ते सापडले होते. परंतु खडक चमकला म्हणून खाण होत नाही. दगडात शिशाचे प्रमाण किती, पट्टा डोंगरात किती खोल गेला आहे आणि माल रेल्वेपर्यंत नेण्याचा खर्च भागेल काय, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत ते केवळ आशेने खणलेले भोक असते.

१९२६ साली या भोकावर सी. सी. ज्युलियन यांची दृष्टी गेली. लॉस एंजेलिसमध्ये तेलकंपनीचे शेअर विकून हे गृहस्थ गाजले होते. त्यांच्या जाहिरातींची भाषा अशी घरगुती, की जणू शेजारीच ओट्यावर बसून सल्ला देत आहे! मार्चमध्ये खास आगगाडी करून त्यांनी तीनशेहून अधिक पाहुणे नेवाडातील बेटी गावी आणले, मोटारींनी डोंगरात नेले, जेवू घातले. जवळची अमरगोसा नदी बहुधा कोरडीच. पण जाहिरातीत तिच्यावर आगबोटी चालताना दाखवल्या होत्या, अशी आख्यायिका आहे. शेअर खपू लागले. हां हां म्हणता तीनशेच्या आसपास वस्ती झाली. ऑगस्टमध्ये टपालकचेरीही उघडली.

मग दोन घाव बसले. राज्याच्या अधिकाऱ्यांनी शेअरविक्री रोखली. आणि ऑक्टोबरात मुख्य बोगदा अपेक्षित पट्ट्यापर्यंत पोचला, तर हाती आला हलक्या प्रतीचा दगड. जानेवारी १९२७ मध्ये टपालकचेरी बंद झाली. ज्युलियन यांना पुढे १९३४ मध्ये दूर शांघायमध्ये मरण आले.

आपल्याकडे डोंगर पोखरून उंदीर काढण्याची म्हण आहे. लेडफिल्डच्या डोंगरातून निदान एक रस्ता निघाला. खाणीसाठी घाट फोडून केलेली ती वाट पुढे सहलीच्या प्रवाशांना उपयोगी पडली. तिचा खर्च मात्र शेअर घेणाऱ्यांच्या पुंजीतून झाला होता. खास गाडी, मेजवानी आणि गोड भाषा यांचा थाट पुष्कळ होता. त्या तीन साध्या प्रश्नांची उत्तरे तेवढी त्यात नव्हती. ती देणारा बोगदा पुरा होण्याआधीच पैसे देऊन झाले होते!