खोक्यावरचे जीबी, स्टिकरवरचे वॉट

ग्राफिक्स कार्ड घ्यायला गेलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो ‘किती जीबीचं?’ हाच. बेतशीर पैशांत खरेदी करणाऱ्याचे सर्वांत जास्त नुकसान याच प्रश्नाने होते. जीटी ७३० हे एनव्हिडियाचे २०१४ सालचे कार्ड आजही चार जीबीच्या खोक्यात नवेकोरे मिळते. २०१९ मध्ये आलेल्या जीटीएक्स १६५० वरही मेमरी चारच जीबी आहे. पण जीटी ७३० च्या ६४ बिटवाल्या डीडीआर३ प्रकारात मेमरीतून चिपपर्यंत सेकंदाला १५ जीबीसुद्धा माहिती पोचत नाही आणि जीटीएक्स १६५० मध्ये १२८ जीबी पोचते. विहीर तुडुंब भरलेली असो, मोटारीला एक इंची पाइप लावला तर रान भिजत नाही. कार्डाचा हा ‘पाइप’ म्हणजे मेमरीचा प्रकार आणि बसची रुंदी, आणि खोक्याच्या दर्शनी बाजूवर त्याचा उल्लेख क्वचितच ठळक असतो.

नावावरही डोळे झाकून विसंबता येत नाही. जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ मेमरीसह आले तेव्हा त्याचा वेग सेकंदाला ४८ जीबी होता. वर्षभराने त्याच नावाखाली डीडीआर४ चा प्रकार बाजारात आला आणि वेग १७ जीबीच्या आसपास उतरला. नाव तेच, काम निम्म्याहून कमी. आरएक्स ५८० चेही असेच आहे. मूळ २०१७ च्या कार्डात २३०४ स्ट्रीम प्रोसेसर (एसपी) होते. पुढे २०४८ प्रोसेसरांचे कार्ड ‘आरएक्स ५८० २०४८ एसपी’ या नावाने आले, ते मुळात आरएक्स ५७० च्या तोडीचे. जाहिरातीत शेवटचे ‘२०४८ एसपी’ गळाले की गिऱ्हाईक फसते.

म्हणून मेमरीला काहीच अर्थ नाही, असे मात्र नाही. फुल एचडीवर नवे मोठे गेम खेळायचे तर आज आठ जीबी हा आकडा धरून चालावे. मेमरी भरली की कार्ड उरलेली माहिती मदरबोर्डच्या स्लॉटमार्गे कॉम्प्युटरच्या रॅममधून ओढते आणि गेम अडखळतो. जुन्या मशीनला इथेच एक सापळा आहे. २०२२ चे आरएक्स ६५०० एक्सटी स्लॉटच्या सोळापैकी फक्त चार मार्गिका वापरते. पीसीआय एक्सप्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर ते निभावते. तिसऱ्या पिढीवर त्याच चार मार्गिकांचा वेग निम्मा होतो आणि चारच जीबीची मेमरी भरली की फ्रेम धडाधड कोसळतात. स्वस्त कार्ड बहुधा जुन्या मशीनसाठी घेतले जाते आणि हे स्वस्त कार्ड नेमके जुन्या मशीनवरच मार खाते.

दुसरा गैरसमज त्याहून महागात पडतो: स्लॉट आहे ना, मग कोणतेही कार्ड बसेल. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर-दौंडकडे तो जास्त जाचतो, कारण चुकीचे कार्ड परत करायला पुणे गाठावे लागते. शिरूरहून नगर रस्त्याने साठ-सत्तर किलोमीटर, दौंडहून रेल्वेने पंचाहत्तरच्या आसपास. एक पूर्ण दिवस आणि मजुरी किंवा कॉलेज बुडते. शिवाय कमी पैशांत सुरुवात करणाऱ्याच्या घरात बहुतेक वेळा कंपनीतून निघालेला रिफर्बिश्ड डेल, एचपी किंवा लेनोव्हो असतो. उदाहरणार्थ, चौथ्या पिढीचा कोअर आय५ असलेला डेल ऑप्टिप्लेक्स ९०२०. त्याच्या लहान कॅबिनेटमध्ये २५५ वॉटचा एसएमपीएस (वीज पुरवणारा डबा) असतो आणि त्याला कार्डासाठी वेगळी पॉवर केबल नसते. एसएमपीएस बदलू म्हटले तर डेलचा मदरबोर्डचा कनेक्टरही नेहमीचा नाही. जोडणीची वेगळी केबल शोधावी लागते. आणि त्या कॅबिनेटची उंचीच अशी की पूर्ण उंचीचे कार्ड आत मावत नाही, अर्ध्या उंचीचे लो-प्रोफाइल कार्डच लागते.

असेम्बल केलेल्या मशीनमध्ये उलटे घडते. कॅबिनेट मोठे असते, जागा भरपूर असते आणि एसएमपीएसवर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलेले असते. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या त्या एसएमपीएसचे बाजूचे स्टिकर टॉर्च मारून वाचावे. त्यावर एक तक्ता असतो: ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट आणि प्रत्येकाखाली अँपिअर. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या ओळीतून घेतात. तिथे १६ अँपिअर लिहिले असेल तर १२ गुणिले १६, म्हणजे १९२ वॉट. वर ४५० लिहिलेले असले तरी कामाचे तेवढेच. आरटीएक्स ३०५० च्या आठ जीबीच्या कार्डाला १३० वॉट लागतात, प्रोसेसरला साठ-सत्तर. गेम रंगात आला की मशीन धाडकन बंद का पडते, त्याचे उत्तर त्या गुणाकारात आहे. अशा वेळी कार्डाला दोष देत दुकानांच्या खेपा घालण्यापेक्षा आधी चांगल्या कंपनीचा एसएमपीएस घ्यावा. तो पुढच्या दोन कार्डांनाही पुरतो.

मदरबोर्डचा स्लॉट स्वतः ७५ वॉट देतो. तेवढ्यात भागवणाऱ्या कार्डाला वेगळी केबल लागत नाही, आणि रिफर्बिश्ड मशीनवाल्याचा खरा बाजार हाच. जीटीएक्स १०५० टीआय, केबल नसलेली जीटीएक्स १६५०, ५३ वॉटचे आरएक्स ६४०० आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० चे सहा जीबी कार्ड ही त्यातली नावे. आरएक्स ६४०० सुद्धा स्लॉटच्या चारच मार्गिका वापरते, हे विसरू नये. सहा जीबीचे ३०५० हे आठ जीबीच्याच कार्डातून फक्त दोन जीबी कमी करून बनवलेले नाही; त्याचे कोअर २५६० ऐवजी २३०४ आहेत आणि बस १२८ ऐवजी ९६ बिटची. म्हणून ते हळू आहे. पण ते ७० वॉटमध्ये चालते, त्याचे लो-प्रोफाइल प्रकारही मिळतात, आणि ऑप्टिप्लेक्ससारख्या मशीनसाठी नव्या मालात त्याला तोड नाही.

‘गेम हळू चालतो म्हणजे कार्ड कमी पडतंय’ हेही दर वेळी खरे नसते. पैसे मोजण्याआधी गेम चालू ठेवून विंडोजचा टास्क मॅनेजर उघडावा आणि परफॉर्मन्समध्ये जीपीयूचा, म्हणजे ग्राफिक्स कार्डाचा, टक्का पाहावा. तो ९५ च्या पुढे असेल तर कार्ड खरोखर दमले आहे. तो पन्नास-साठवर असूनही फ्रेम कमी असतील तर अडचण प्रोसेसरची किंवा रॅमची असते, नवे कार्ड ती सोडवत नाही. व्हॅलोरंटसारखा गेम मुख्यतः प्रोसेसरवर चालतो. त्याच्या कंपनीने सेकंदाला ६० फ्रेमसाठी सुचवलेले कार्ड जीटी ७३० आहे आणि १४४ फ्रेमसाठी जीटीएक्स १०५० टीआय. फक्त तेवढाच गेम खेळणाऱ्या मुलासाठी घरच्यांनी वीस हजारांच्या कार्डाचे कर्ज काढू नये.

रॅमची एकच पट्टी लावलेली मशीन तर जागोजागी दिसतात. एका आठ जीबीच्या जागी जुळणाऱ्या दोन पट्ट्या लावल्या की प्रोसेसरला रॅमकडे दोन वाटा मिळतात. रायझन ५६००जी सारख्या, ग्राफिक्स आतच असलेल्या प्रोसेसरवर त्याने गेममध्ये ठळक फरक पडतो, कारण त्याचे ग्राफिक्स रॅमवरच जगते. २०२५ च्या अखेरीस मेमरीचे भाव जगभर चढले, त्यामुळे हा उपाय पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही; तरी कार्डाच्या तुलनेत तो आधी करून पाहण्याजोगाच आहे.

स्क्रीनचा हिशेब बरेच जण करतच नाहीत. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला साठ वेळाच चित्र बदलतो. कार्डाने दीडशे फ्रेम काढल्या तरी डोळ्यांपुढे येतात त्या साठच. १३६६ बाय ७६८ च्या जुन्या मॉनिटरवर कार्डाला सुमारे साडेदहा लाख ठिपके रंगवावे लागतात, फुल एचडीवर वीस लाखांवर आणि फोर-के टीव्हीवर ८३ लाखांच्या जवळ. म्हणजे तेच कार्ड जुन्या मॉनिटरवर झकास चालते आणि हॉलमधल्या फोर-के टीव्हीला जोडले की धापा टाकते. टीव्हीवर खेळायचेच असेल तर गेमच्या सेटिंगमध्ये रिझोल्यूशन फुल एचडीवर आणावे. एफएसआर हे एएमडीचे तंत्र २०२१ पासून आहे आणि त्याच्या सुरुवातीच्या आवृत्त्या जुन्या एनव्हिडिया कार्डांवरही चालतात. कमी रिझोल्यूशनवर गेम चालवून चित्र मोठे करण्याचे ते काम फुकटात करते. एक साधी चूकही सांगायला हवी: नवे कार्ड बसवल्यावर केबल मदरबोर्डच्या जुन्या पोर्टातच राहिली तर कार्ड नुसते पडून राहते. केबल कार्डाच्या पट्टीवरच्या पोर्टात लावायची.

आता सेकंड-हँड. ‘मायनिंगचं कार्ड म्हणजे जळकं’ असे सरसकट म्हटले जाते. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियम या क्रिप्टो चलनाने कार्डांवरचे मायनिंग बंद केले आणि जगभर वापरलेल्या कार्डांचा लोंढा आला. त्यातली बरीच कार्डे कमी व्होल्टेजवर, एकाच वेगाने चाललेली होती. अशा वापरात चिपपेक्षा पंखे, थर्मल पेस्ट आणि पॅड झिजतात, आणि ते बदलता येतात. चांगल्या अवस्थेतले आरएक्स ६६०० सेकंड-हँड मिळाले, एसएमपीएस तगडा असला, तर फुल एचडीसाठी तो सौदा नव्या ३०५० पेक्षा सरस आहे. फक्त विकणाऱ्याकडे मशीनवर लावून अर्धा तास चालवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पंख्याची घरघर, स्क्रीनवर उमटणारे रंगीत ठिपके, अचानक काळी पडणारी स्क्रीन, यांपैकी काहीही दिसले तरी उठून यावे.

खरी भीती मायनिंगची नसून बनावट कार्डाची आहे. जीटीएस ४५० सारख्या दशकाहून जुन्या कार्डाचा बायॉस बदलून त्याला ‘जीटीएक्स १०५० टीआय’ असे नाव दिले जाते. विंडोजलाही तेच नाव दिसते. ओळखायच्या खुणा दोन. पहिली डोळ्यांनी दिसते: १०५० टीआय ज्या पास्कल पिढीची आहे, त्या पिढीपासून एनव्हिडियाने अ‍ॅनालॉग सिग्नल काढून टाकला. कार्डाच्या पट्टीवर निळा, पंधरा छिद्रांचा व्हीजीए पोर्ट दिसला तर संशय पक्का धरावा. दुसरी खूण जीपीयू-झेड या फुकट सॉफ्टवेअरमध्ये मिळते. २०१८ पासून ते बनावट एनव्हिडिया कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असे लिहून दाखवते. याच व्हीजीएमुळे आणखी एक खर्च निघतो. जुन्या मॉनिटरला फक्त व्हीजीए असेल तर नव्या कार्डासाठी एचडीएमआयवरून व्हीजीए करणारा कन्व्हर्टर लागतो.

जुने पण मोठे कार्ड नव्या छोट्यापेक्षा कायम बरे, हा समज काही वर्षांपूर्वी बराच खरा होता. आता तो जपून वापरावा. एनव्हिडियाने २०२५ च्या ऑक्टोबरनंतर पास्कल पिढीला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर देणे थांबवले. २०२८ पर्यंत सुरक्षेपुरत्या दुरुस्त्या येत राहतील. डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ला रे ट्रेसिंगचे हार्डवेअर असलेलेच कार्ड लागते, मग जीटीएक्स १०८० टीआय कितीही ताकदवान असो. उलट, इंटेलचे १२ जीबीचे आर्क बी५८० हे नवे आणि दमदार कार्ड चौथ्या पिढीच्या कोअर आय५ सारख्या जुन्या मशीनसाठी घेऊ नये. रिसाइझेबल बार ही सोय मदरबोर्डमध्ये नसेल तर त्याचा वेग फार पडतो.

कार्ड घरी आल्यावर त्याला इथल्या हवेशी झुंजावे लागते. उन्हाळ्यात खोलीतली हवाच चाळीस अंशांवर असेल तर पंखा तीच हवा कार्डावर फेकतो आणि कार्ड स्वतःचा वेग कमी करून जीव वाचवते. दौंडकडच्या केडगाव पट्ट्यात गुऱ्हाळांच्या हंगामात काजळीही येते. कॅबिनेट भिंतीला टेकवू नये, दोन-तीन महिन्यांनी ब्लोअर मारावा आणि त्या वेळी कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेवावा. इन्व्हर्टरवर मशीन चालवणाऱ्यांनी त्याचा स्विच यूपीएस मोडवर ठेवावा, नाहीतर लाइट जाताच मशीन रिस्टार्ट होते.

थोडक्यात पैशांचा निवाडा असा. पाच हजारांच्या आसपास नव्या कार्डात गेमिंगच्या लायकीचे काही नाही. ते पैसे रॅमला द्यावेत किंवा साठवावेत. लहान कॅबिनेट आणि केबल नसलेला एसएमपीएस असेल तर सहा जीबीचे आरटीएक्स ३०५०, बजेट त्याहून कमी असेल तर सेकंड-हँड जीटीएक्स १६५०. एसएमपीएस चांगला असेल तर आठ जीबीच्या खालचे कार्ड बघूच नये. आणि कुठेही घेतले तरी पक्के बिल मागावे. १८ टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतलेल्या कार्डाची वॉरंटी मागताना हात रिकामे राहतात. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव, मेमरीचा प्रकार आणि कार्डावरचा सिरियल नंबर दुकानातच लिहून घ्यावा.