सहा आठवड्यांची सूज

लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट रुग्णालयातले डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १८९७ मध्ये २२ मुलांच्या सांधेदुखीची टिपणे प्रसिद्ध केली. मुलांना होणारा संधिवात मोठ्यांहून वेगळाही असू शकतो, हे त्यांनी दाखवले. तो शरीरात कसा घडतो, हे कळायला मात्र पुढची कित्येक दशके गेली.

जंतूंशी लढणाऱ्या पेशी या आजारात सांध्याच्या आतल्या अस्तरावरच उलटतात. टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी सूज वाढवणारी प्रथिने सुटतात, अस्तर जाड होते, सांध्यात पाणी साचते, कूर्चा झिजते. लहान मुलाच्या सुजलेल्या गुडघ्याला रक्तपुरवठा वाढतो आणि तो पाय दुसऱ्यापेक्षा चक्क लांब होऊ शकतो. सकाळी आखडलेले मूल उकिडवे बसू शकत नाही. दुपारी तेच अंगणात पळते. म्हणूनच त्याचे दुखणे मोठ्यांना खोटे वाटते.

१९८८ च्या सुमारास उपचारांत जगभर भिस्त होती ती ॲस्पिरिन, सोन्याची इंजेक्शने आणि वाढ खुंटवणाऱ्या स्टिरॉइडवर. १९९२ मध्ये मेथोट्रेक्सेटचा मुलांमधला गुण सिद्ध झाला: आठवड्यातून एकदाच घ्यायचे, स्वस्त औषध. २००० मध्ये टीएनएफला थेट अडवणाऱ्या इटानरसेप्ट या इंजेक्शनच्या चाचणीचे निष्कर्ष आले. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अहमदाबादच्या झायडस कंपनीने टीएनएफलाच अडवणाऱ्या अडालिमुमॅबची जगातली पहिली जैवसदृश (बायोसिमिलर) आवृत्ती भारतात आणली. तरी अशी इंजेक्शने अजूनही शेतमजुराच्या आवाक्यातली नाहीत.

मध्यंतरी चिकुनगुन्याने निदानाचा गोंधळ वाढवला. १९७३ मध्ये बार्शीत आणि २००६ मध्ये महाराष्ट्रात त्याची साथ आली. सांधे धरले की चिकुनगुन्या, हे समीकरण तेव्हापासून लोकांच्या डोक्यात पक्के बसले.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरहून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला आणि तपासणी पथके शाळा-अंगणवाड्यांत पोहोचू लागली. त्यांनी तपासायच्या आजारांच्या मूळ यादीत संधिवाताच्या तापाने होणारा हृदयविकार आहे, बालसंधिवात नाही. ही उणीव भरून काढायलाच हवी. औषधे आली, पण ती वेळेत सुरू व्हायची तर लंगडणारे मूल आधी कुणाच्या तरी नजरेत भरले पाहिजे.

सोळा वर्षांखालच्या मुलाचा सांधा सहा आठवडे सुजलेला राहिला, तर मालिश-लेपात दिवस घालवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. निदान झाल्यावर डोळेही ठरलेल्या मुदतीने तपासून घ्या, कारण या आजारात डोळा न दुखता, लाल न होता आतून सुजू शकतो आणि दृष्टीही जाऊ शकते.