उन्हाळ्यातले चतुर आणि टाचण्या

चैत्र सरत आला की आपल्या जालना जिल्ह्यात ओढे आटतात, नद्यांचे डोह तेवढे उरतात. गुरे, पाखरे आणि माणसे जिथे पाणी असेल तिथे गोळा होतात. चतुरही तिथेच येतात. तेव्हा हा किडा पाहण्यासाठी पावसाळ्याची वाट पाहण्याचे कारण नाही. उन्हाळ्यात त्याच्या जागा कमी असतात, पण त्या जागी तो हमखास सापडतो.

पोरे त्याला हेलिकॉप्टर म्हणतात, आणि ते काही चुकीचे नाही. त्याचे चारही पंख वेगवेगळे हलू शकतात. त्यामुळे तो हवेत एका जागी थांबतो, क्षणात वळतो, मागेही सरकतो. टाचणी ही त्याच्याच भावकीतली, पण अंगाने बारीक. ओळखण्याची खूण सोपी आहे. चतुर बसला की पंख पसरून ठेवतो. टाचणी ते बहुधा पाठीवर मिटून घेते. चतुराचे डोळे जवळजवळ सगळे डोके व्यापतात, टाचणीचे मात्र डमरूच्या दोन टोकांसारखे लांब लांब असतात.

आम्ही चार-पाच जण, त्यात दोन शाळकरी मुली, सुटीच्या दिवशी घाणेवाडीच्या तलावावर किंवा दुधनेच्या एखाद्या डोहावर जातो. पाखरे पाहणाऱ्यांसारखे पहाटे उठावे लागत नाही, हा यातला मोठा फायदा! ऊन तापल्याशिवाय चतुर उडतच नाही. नऊ ते अकरा ही वेळ उत्तम. सोबत पाण्याची बाटली, टोपी आणि वही एवढे पुरे. बेशरमाच्या झुडपांवर, लव्हाळ्याच्या टोकांवर नजर ठेवावी. पाण्यावर वाकलेल्या काडीवर एखादा लालभडक चतुर बसलेला असतो. दुसरा नर आला की त्याला हुसकावून पुन्हा त्याच काडीवर येतो.

वैशाखातल्या भर दुपारी एक गंमत दिसते. काही चतुर शेपटी थेट सूर्याकडे उभी करून बसतात. मुली याला शीर्षासन म्हणतात. अशा बसण्याने अंगाच्या कमीत कमी भागावर ऊन पडते आणि किडा तापत नाही.

विहिरीच्या दगडी कठड्यावरही जरूर पाहावे. तिथे दगडाच्याच रंगाचा, करडा, ठिपक्यांचा एक चतुर चिकटून बसतो. हलला नाही तर दिसायचा नाही. सिमेंटच्या हौदातही तो अंडी घालतो. या सर्वांची पिल्ले पाण्यात वाढतात. पिल्लाचा खालचा ओठ घडीचा असतो. भक्ष्य जवळ आले की तो झटकन पुढे फेकून ते पकडते. त्यात डासांच्या अळ्याही येतात. (म्हणून घरच्या हौदाचा आठवड्याचा कोरडा दिवस मात्र चुकवू नये. चतुर आहेत म्हणजे डास नाहीत, असे होत नाही.) वाढ पूर्ण झाली की पिल्लू भिंतीवर चढते, पाठ उकलते आणि आतून पंखांचा चतुर निघतो. रिकामी कात तिथेच चिकटून राहते.

सगळ्यांना सारखे पाणी चालत नाही. शहरातून वाहणाऱ्या कुंडलिकेत सांडपाणी मिसळते. तिथल्या पुलाखाली आम्हाला बहुतेक वेळा एकच जात दिसते, नारिंगी डागांच्या पंखांची. घाण पाण्यात टिकून राहण्याबद्दल ती प्रसिद्धच आहे. वरच्या अंगाला स्वच्छ पाण्यावर जातो तेव्हा एका सकाळी सहा-सात प्रकार वहीत येतात. नदीचे काय झाले आहे, हे त्या दोन पानांवरून शाळकरी मुलालाही कळते.

डोह आटणे हे दुसरे संकट. ज्या जातींच्या पिल्लांना वाढायला कित्येक महिने लागतात, त्यांची सगळी पिढी आटत्या डोहात मरते. २०१३ च्या दुष्काळात जिल्ह्यात तलाव कोरडे पडले, मोसंबीच्या बागा जळाल्या. अशा वर्षी डोहावर मोटार लावणाऱ्या शेतकऱ्याला काय बोलणार? पण वाळूच्या हव्यासाने जे डोह उकरले जातात, त्यांना दुष्काळाचे निमित्त नाही.

मृगाच्या सुमारास, पेरणीच्या धांदलीत, शेतावर घिरट्या घालणारे पिवळसर चतुर पाहावेत. यांची पिल्ले दीड-दोन महिन्यांतच तयार होतात, त्यामुळे पावसाची डबकीही त्यांना पुरतात. पाऊस सरला की ते वाऱ्यावर स्वार होऊन निघतात. मालदीव बेटांवर दरवर्षी ऑक्टोबरपासून लाखो चतुर उतरतात, आणि तिथे त्यांच्या वाढीजोगे गोडे पाणी जवळजवळ नाही. तिथे राहणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले, की हे चतुर भारताकडून येतात आणि समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेत जातात. परतीचा प्रवास त्यांच्या पुढच्या पिढ्या करतात. पोरे ज्याच्या शेपटीला दोरा बांधतात, तो अनेकदा हाच असतो.