नव्या कर्नलनंतर लिनक्स सुरू होत नाही?

कर्नलचे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचे, अपग्रेड होम फोल्डरमधल्या फायलींना हात लावत नाही. त्यामुळे घाईने सिस्टिम नव्याने टाकू नका.

■ जुना कर्नल वापरा : नव्यासोबत आधीचाही कर्नल डिस्कवर राहतो; फेडोरा सहसा ३ ठेवते. उबुंटू सुरू होताना एस्केप (जुन्या बायोसवर शिफ्ट) दाबा. ग्रब या बूट मेनूच्या यादीत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' उघडून आधीचा क्रमांक निवडा.

■ कारण शोधा : बूट विभाजन भरले, तर सुरुवातीचे ड्रायव्हर पुरवणारी इनिट्रॅमएफएस फाइल अर्धवट राहते, 'कर्नल पॅनिक' येतो. पडदा नुसता काळा राहिला, तर एनव्हिडियासारखा बाहेरचा ड्रायव्हर नव्या कर्नलसाठी तयार झाला नसण्याची शक्यता मोठी.

■ दुरुस्ती : बूट विभाजन भरले असेल, तर उबुंटूवर 'सुडो ॲप्ट ऑटोरिमूव्ह'ने जागा मोकळी करा. मग नव्या कर्नलचा क्रमांक देऊन 'अपडेट-इनिट्रॅमएफएस' आणि शेवटी 'अपडेट-ग्रब' चालवा.

■ जुनाही चालेना? लाइव्ह यूएसबीवरून संगणक सुरू करा, मूळ आणि बूट विभाजन जोडा, 'सीएचरूट'ने आत जाऊन हीच दुरुस्ती करा.

■ लक्षात ठेवा : नवा कर्नल नीट चालल्याची खात्री होईपर्यंत जुना काढू नका.