गुठळ्या मोजणारा संगणक

साध्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये संधिवातासाठी ‘आरए फॅक्टर’ तपासताना काळ्या स्लाइडवर सीरमचा थेंब आणि दुधाळ लेटेक्सचा थेंब काडीने ढवळतात. दोनेक मिनिटं स्लाइड हलवायची; रवाळ गुठळ्या दिसल्या की रिपोर्ट पॉझिटिव्ह. जॅक सिंगर आणि चार्ल्स प्लॉट्झ यांनी १९५६ मध्ये मांडलेली लेटेक्स कणांची पद्धत आजही चालते, हे खरोखर कौतुकाचं.

लेटेक्सच्या अतिसूक्ष्म कणांवर बसवलेले रेणू हवं ते प्रथिन पकडतात. एकच प्रथिन दोन कणांना धरतं, म्हणून कण एकमेकांना चिकटतात. पण प्रथिन अगदी थोडं असलं, तर दोन-तीन कणच जुळतात आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही.

डेव्हिड वॉल्ट आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये वेगळी वाट काढली: प्रत्येक कण स्वतंत्र सूक्ष्म खळग्यात बसवून, प्रथिन पकडलेल्या कणांमुळे उजळलेले खळगे मोजायचे. प्रोस्टेट काढलेल्या रुग्णांच्या रक्तात नेहमीच्या चाचणीला न सापडणारं पीएसए हे प्रथिन त्यांना मोजता आलं.

लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या आयडोगन ओझ्जान यांच्या गटाने मात्र गुठळ्यांचाच आधार घेतला. भिंगाविना होलोग्राम टिपायचा. त्यात नुसत्या प्रकाशाच्या कड्या दिसतात. त्यांतून कणांचं स्पष्ट चित्र उभं करतं ते न्यूरल नेटवर्क. मग सुटे कण किती, जुळलेले किती, याची मोजदाद होते. हर्पिस सिम्प्लेक्स विषाणू त्यांनी असाच शोधून दाखवला.

अशा नेटवर्कला धूळ आणि बुडबुडे असलेले नमुनेही शिकवावे लागतात. नाहीतर बुडबुड्यालाही ते गुठळी समजू शकतं.